एकशे त्रेसष्ट नंबर

“अरे, एकशे त्रेसष्ट कुठाय?” चष्म्याने तिसऱ्यांदा यादीवरून पेन्सिल फिरवली.

“येईल रे! तू आधी पेले भर!” भोंगा ओरडला. भोंगा नुसतं ‘हो’ म्हणाला तरी झाडावरचे पक्षी उडायचे!

गोगल मात्र रस्त्याच्या वळणावर डोळे लावून उभी होती. एकशे त्रेसष्ट हा तिच्या मावशीचा नंबर होता.

गोगल म्हणजे गोगलगाय. शाळेच्या शर्यतीत ती नेहमी शेवटून पहिली यायची, म्हणून हे नाव. सुट्टीला ती मावशीकडे आली होती. चष्मा आणि भोंगा मावशीच्याच इमारतीतले. मावशी दिवसभर शर्टांच्या कारखान्यात काजं करायची, आणि कामावर जाण्याआधी धावण्याच्या क्लबाबरोबर पळायची. क्लबाची डोंगरातली शर्यत एकवीस किलोमीटरची, त्यात निम्मा चढ! चार वर्षं मावशी त्यात पळाली आणि चारही वेळा ती पोहोचेपर्यंत मैदानावरची अंतिम रेषेची कमान उतरवून झाली होती.

“यंदा तीन तासांच्या आत! नाहीतर बूट माळ्यावर!” ती म्हणाली होती.

चौदाव्या किलोमीटरवर, चढ संपतो तिथे, पाण्याचं टेबल या तिघांकडे होतं. सोबतीला दिलेल्या काकू “जरा बक्षीस समारंभ बघून येते,” म्हणून कधीच्या पसार झाल्या होत्या. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा नंबर चष्मा यादीत खोडत होता. आता एकच उरला होता.

तेवढ्यात वळणावरून सायकल आली. तिच्यावर क्लबातला सायकल दुकानदार! सगळ्यात शेवटच्या धावपटूच्या मागे राहायचं, एवढंच त्याचं काम.

“आवरा पोरांनो! माझ्या मागे चिटपाखरूही नाही!”

“पण माझी मावशी?” गोगलने विचारलं.

“ती? सोडून घरी गेली असणार! दरवर्षीचंच रडगाणं तिचं!” असं म्हणून तो उताराला लागलासुद्धा.

गोगलचे कान तापले. मावशी रांगत येईल, पण सोडणार नाही!

“त्याच्या कॅरिअरला काय बांधलं होतं, पाहिलंत?” चष्मा हळूच म्हणाला. “दिशेचे बाण! मावशीला मागे टाकून, वाटेतले सगळे बाण काढत आलाय तो. आणि यंदा मार्ग नवा आहे!”

टेबलावरचं कापड आणि उरलेलं पाणी घेऊन तिघं उलट दिशेने पळत सुटले. दोन किलोमीटरवर रस्त्याला फाटा होता. तिथे मातीत दोन ताजी भोकं होती, बाणाची पाटी मात्र नव्हती. एक रस्ता त्यांच्या टेबलाकडे चढत होता, दुसरा बंद पडलेल्या दगडखाणीत उतरत होता.

“दमलेला माणूस उतारच धरणार,” भोंगा म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात.

खाणीच्या रस्त्यावर पिवळा स्पंज पडला होता. दहाव्या किलोमीटरच्या टेबलावर असेच स्पंज वाटले होते. तो अजून ओलसर होता!

“मावशीऽऽ!” भोंग्याने हाक मारली. खाणीने ती तशीच परत पाठवली. दुसरी हाक, तिसरी हाक, दहावी हाक. ऊन डोक्यावर आलं.

मग खडीच्या घसरगुंडीखाली तिला बूट दिसला.

मावशी कुशीवर पडली होती. पाय गुडघ्यापासून नको तसा वळला होता. ओठ फुटले होते. तिने डोळे किलकिले केले आणि म्हणाली, “ताई, आलीस?”

ताई म्हणजे गोगलची आई. मावशीने गोगलला ओळखलंच नव्हतं!

चष्म्याजवळ फोन होता, पण त्या डोंगरात कुठेच रेंज नव्हती. तिघांनी टेबलावरचं कापड सावलीसाठी मावशीवर ताणलं, आणलेलं पाणी तिच्या मानेवर, कपाळावर लावलं.

“मदत आणायला मी जातो!” भोंगा उठला.

“तू नाही!” चष्मा म्हणाला. “माणसं आली तर तुझ्या आवाजानेच सापडू आपण. आणि सावली धरायला उंच माणसं हवीत.”

दोघांनी गोगलकडे पाहिलं.

“मी? मला पळता येत नाही रे!” तिला रडू फुटलं. पण ती निघाली.

खाणीचा चढ चढेपर्यंतच तिच्या पोटात कळ आली. पुढचा रस्ता तर संपेचना. समोरून एक गाडी आली. आत गळ्यात पदकं घातलेले धावपटू! गोगलने हात हलवले. ओरडायला तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघेना. त्यांनीही हात हलवले. “शाब्बास! पळ, पळ!” टाळ्या वाजवत गाडी निघून गेली.

ती रस्त्यातच बसली. आपण पोहोचणार नाही, पोहोचलो तरी उशीर झालेला असेल, असं तिला अगदी आतून वाटलं. तरी ती उठली. टेबलापासून मैदानापर्यंतची जवळची पायवाट तिने अर्धी धावत, अर्धी घसरत काढली.

मैदानावर कमान उतरत होती. क्लबाचे सेक्रेटरी, म्हणजे दातांचे डॉक्टर, माईकवर सांगत होते, “आपले सगळे धावपटू सुखरूप परत आले आहेत!” टाळ्या!

“नाही आले!” गोगल मंचावर चढली. “माझी मावशी खाणीत पडलीय!”

“काहीतरीच!” सायकल दुकानदार पुढे आला. “ती मधूनच घरी गेली!”

गोगलला दम लागला होता, पण डोकं शाबूत होतं. “काका, तुमच्यापुढे शेवटी कोण पळत होतं? नंबर सांगा!”

“कोण म्हणजे? एकशे त्रेसष्टच! शेवटपर्यंत माझ्यापुढे होती की!”

“मग ती मधूनच घरी कशी गेली?”

सेक्रेटरींच्या हातातला माईक खाली आला. “रुग्णवाहिका!” ते ओरडले आणि मग त्यांनाच आठवलं, ती तर त्यांनी अर्ध्या तासापूर्वी परत पाठवली होती.

शेवटी त्यांच्याच गाडीतून सगळे खाणीकडे सुटले. भोंग्याचा बसलेला, फाटलेला आवाज फाट्यापर्यंत ऐकू येत होता.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. “सावली धरलीत आणि वेळेत निरोप आणलात, म्हणून ती आहे. मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत!”

“आता ती पळेल ना?” गोगलने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी ‘नाही’ अशी मान हलवली. “चालेल. काठी घेऊन.”

सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत माफी मागितली. “या तिघांनी क्लबाची लाज राखली,” म्हणत त्यांनी गोगलच्या गळ्यात पदक घातलं. दुकानदार भिंतीला टेकून रडत होता. पदक गोगलला टोचत होतं.

ती आत गेली. मावशी छताकडे बघत होती.

“मी खूप हाका मारल्या,” मावशी म्हणाली. “मग मारायच्या सोडल्या. मला वाटलं, शेवटच्या माणसाला कोण मोजतंय!”

गोगल खाटेच्या कडेवर बसली.

“तू पळत मदत आणलीस म्हणे! चढावर थांबलीस?” मावशीने विचारलं.

“दोनदा. एकदा तर रस्त्यातच बसले, रडायला.”

“दोनदाच?” मावशीने तिचा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले. “मी चारदा थांबते गं. म्हणजे, थांबायचे.”

बाहेर दिवे लागले तरी तो हात सुटला नव्हता.