न सांगता दाबलेलं बटण

पडदे सरकवून कॅप्टनच्या पत्नीने टेबलावरचा दिवा मालवला. "दिवा बंद," ती म्हणाली आणि क्षणभर थांबली. मग ओशाळली.

"सवय. आमचे हे कुठलंही बटण दाबलं की मोठ्याने सांगायचे. मी 'बघितलं' म्हणायचे. घराचं कॉकपिट केलं होतं नुसतं!"

खासगी तपास करणारे मास्तर समोर बसले होते. त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या मेहुण्याने उगाच चष्मा पुसला.

विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं होतं. बाकी सारे वाचले, कॅप्टन गेले. वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा कुणीतरी बंद केली होती. ठपका कॅप्टनवर आला.

"त्यांची चूक असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "पण खरं सांगा."

देखभालीच्या इंजिनिअरने हात झटकले. "यंत्रणा ठणठणीत होती. बटण दाबल्याची नोंद आहे. कुणी दाबलं ते कळत नाही, दोघाही वैमानिकांचा हात पोचतो."

सहवैमानिकाच्या खोलीत कागद फडफडत होते. बोलता बोलता तो भिंतीपाशी जाऊन परत बसला. "कॅप्टननीच बंद केली असेल. वेग उतरत नव्हता ना. मी रेडिओवर होतो."

"काय उकडतंय हो, भाऊजी!" बाहेर पडताना मेहुणा पुटपुटला.

मग दोघांनी कॉकपिटचं ध्वनिमुद्रण ऐकलं. कॅप्टन सांगत होते, सहवैमानिक उत्तर देत होता.

"चाकं खाली." "बघितलं."

"वायपर बंद." "बघितलं."

त्यानंतर रेडिओवरचं बोलणं, आणि थेट धोक्याचा गजर.

संध्याकाळी मास्तरांनी सहवैमानिकाला कॅप्टनच्या घरी बोलावलं.

"वायपरसुद्धा सांगून बंद करणारा माणूस ही यंत्रणा मुकाट्याने बंद करेल? तुम्ही मात्र आमच्यादेखत पंखा बंद केलात, चकार शब्द न काढता. या माझ्या मेहुण्याला कळलं ते घाम फुटल्यावर. कॅप्टनना कळलं ते वेग गेल्यावर."

सहवैमानिकाची मान खाली गेली. "वाटलं, जरा बंद करून लगेच लावू. तेवढ्यात रेडिओवर बोलावणं आलं, आणि राहूनच गेलं. सांगितलं असतं तर कॅप्टन ओरडलेही नसते. 'बघितलं' एवढंच म्हणाले असते."

"म्हणजे यांची चूक नव्हती?" तिने विचारलं.

"होती," मास्तर हळू म्हणाले. "वेगाच्या काट्याकडे त्यांनीही पाहिलं नाही. यंत्र नेहमीसारखं सांभाळतंय असं धरून चालले. पण बटण त्यांनी दाबलं नाही."

तिने मान हलवली. "न सांगता दाबलंच नसतं त्यांनी."

सगळे निघाले. अंधारून आलं होतं. तिने जिन्याचं बटण दाबलं.

"दिवा सुरू," ती सवयीने म्हणाली आणि थांबली.

ज्याला नेहमी सगळं उशिरा कळायचं तो मेहुणा खालून ओरडला, "बघितलं, वहिनी!"

तिचा हात बराच वेळ बटणावरच राहिला.