काठावरचं कासव

चष्म्याच्या दुकानात लेन्स घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं काम. एका रविवारी ती एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये गेली, ती फक्त एक चष्मा पोचवायला. तिथे दर रविवारी चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेच्या संयोजकाचा चष्मा आदल्या दिवशी त्याच्याच बुडाखाली गेला होता. नवा चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या यादीकडे.

"एक गडी आला नाहीये. खेळता येतं?"

"घरी वहिनीबरोबर खेळते... पण हरते."

"हरायलाही कुणीतरी लागतंच," तो म्हणाला. खऱ्या नावाने तिथे कुणीच खेळत नसे. तिचा एकूण अवतार बघून त्याने यादीत लिहिलं— धांदल.

समोर आला कासव. बाहेरच्या जगात तो लिफ्टची तपासणी करायचा आणि स्वतः कायम जिन्याने जायचा.

खेळ तसा सोपा. हवेत तरंगणारा एक चौथरा, त्यावर दोघं. फटका बसला की गडी चौथऱ्याबाहेर फेकला जातो. हवेत त्याला एक जादा उडी मिळते आणि शेवटची एक झेप. तेवढ्यात काठ हाताला लागला तर ठीक, नाहीतर खाली काहीच नाही. तीनदा पडलात की घरी.

धांदल सव्वा मिनिटात तीनदा पडली.

"एक सांगू?" कासव म्हणाला. "तुम्ही बाहेर फेकल्या गेलात की लगेच उडी मारता, आणि तिच्या पाठोपाठ झेपही. मग काठ यायच्या आत हातात काही उरतच नाही."

"भीती वाटते हो!"

"मलाही वाटते. पण उडी राखून ठेवायची असते."

"किती वेळ?"

त्याने विचार केला. बराच वेळ केला. "मी सांगेन... म्हणजे, पुढच्या रविवारी येणार असलात तर."

ती आली. त्याच्या पुढच्याही रविवारी आली.

घाई हा तिचा जुना आजार होता. आधीच्या दुकानात डोळे तपासणाऱ्याने तिला एकदा छत्री दिली होती, तर तिने त्याच संध्याकाळी त्याला सबंध मन उघडं करणारा लांबलचक मेसेज पाठवला. त्याने उत्तरात फक्त छत्री परत मागितली. तिने दुकान बदललं. तेव्हा या खेपेला आपण होऊन अवाक्षर काढायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

"काठाकडे बघू नका," कासव शिकवायचा. "माझ्याकडे बघा."

"अं?"

"म्हणजे... पडद्यावरच्या माझ्याकडे. मी कुठे उभा आहे ते बघून वाट ठरवायची. कधी वरून, कधी पार खालून. दर वेळी त्याच वाटेने आलात तर मी तिथे असणारच."

"तुम्ही दर वेळी असताच."

"हो," तो म्हणाला. कान लाल झाल्यावर त्याने घाईघाईने पुस्ती जोडली, "पडद्यावर."

पाचव्या रविवारी तो ओरडला, "थांब... थांब... आता मार उडी!" तिने काठ पकडला. 'तुम्ही'चं 'तू' झालंय हे दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघंही पंख्याकडे बघत बसले.

कासवाचा आजार मात्र वेगळा. काठ धरल्यावर क्षणभर कुणी फटका मारू शकत नाही. त्या क्षणात वर यायचं असतं. हा लोंबकळत राहायचा. उडी मारून यावं, की लोळत, की नुसतं चढावं... तेवढ्यात समोरचा हाणायचा.

"काही बोलला का तुझा कासव?" वहिनी रोज विचारायची.

"नाही."

"आणि तू?"

"मी उडी राखून ठेवलीये."

"राख, राख. बुरशी धरेल तिला!"

सातव्या रविवारी तो आला तोच पडलेल्या चेहऱ्याने. "कंपनी दुसऱ्या शहरात पाठवतेय. दोन वर्षं. उद्या दहापर्यंत हो की नाही कळवायचंय."

"मग?"

"विचार करतोय."

सगळं तिच्या जिभेच्या टोकावर आलं— मेसेजभर सगळं. तिने ओठ दाबून धरले. छत्री... छत्री आठव. तेवढ्यात संयोजकाने पुकारलं, "धांदल, कासव! बसा."

दोघंही दोन-दोनदा पडले. मग त्याने तिला लांब फेकलं. तिचा अंगठा बटणावरच होता, पण तिने उडी मारली नाही. तो काठाशी उभा होता. ती खाली गेली, आणखी खाली... तिला अडवायला तो बाहेर झेपावला आणि चुकला. आता! उडी, झेप, काठ. वर येताक्षणी तिने त्याला असा फटका दिला की तो पार पलीकडे गेला. तिथून तो शांतपणे परतला, काठ धरला, आणि लोंबकळला.

"हाण! हाण!" हॉल ओरडला. एक फटका पुरे होता.

तिने आपला गडी मागे नेला, थेट चौथऱ्याच्या मधोमध, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"मारत का नाहीस?"

"जागा देतेय."

"किती वेळ?"

"मी सांगेन," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "सांगते. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. फार वाटतं. ठरवायचं तुझं तू."

पंखा फिरत होता. चष्म्याची दुसरी दुकानं कुठे कुठे आहेत, याची ती मनातल्या मनात यादी करू लागली. चौथ्या दुकानापाशी तिला टपटप ऐकू आलं. तो फोनवर काहीतरी लिहीत होता. लिहून त्याने ते तीनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

"काय लिहिलंस?"

"नाही."

"सांग ना!"

"तेच लिहिलं. 'नाही.'"

"एवढंसं तीनदा वाचलंस?"

"सवय." त्याने पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "मला जायचं नव्हतंच. आणि... तू आवडतेस मला. पहिल्या रविवारपासून. तेव्हाच सांगणार होतो, पण—"

"लोंबकळत होतास."

"हो."

पडद्यावर त्याच्या गड्याचा हात केव्हाच सुटला होता. संयोजकाने 'धांदल विजयी' असं लिहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि उगाचच चष्मा काढून पुसत बसला.

निघताना ती जिन्याकडे वळली. तो वळला नाही. त्याने लिफ्टचं बटण दाबलं होतं.

"तपासलीयेस ही?"

"नाही," तो म्हणाला, आणि दार उघडताच त्याने तिचा हात धरला. जरा जास्तच घट्ट.