चहागाडी वळणावर का बिघडते?

"गेली! परत गेली!" गेन्ता ओरडला.

तोमोकीनं बनवलेली, आपोआप चालणारी चहाची छोटी गाडी फरशीवरच्या काळ्या पट्टीवरून तुरुतुरु आली, प्राचार्यांच्या दाराशी वळली आणि पट्टी सोडून थेट भिंतीवर आदळली. चहा सगळा फरशीवर!

चिहारूनं दादाकडे पाहिलं. तोमोकीचं तोंड एवढंसं झालं होतं. एप्रिलमध्येच तो या टेक्निकल कॉलेजात दाखल झाला होता. शाळेच्या सुट्टीत धाकटी बहीण आणि तिचा दोस्त गेन्ता कौतुकानं कॉलेज बघायला आले, आणि नेमका हा तमाशा!

"चाकं बदलली, बॅटरी बदलली, प्रोग्रॅमसुद्धा बदलला," तोमोकी म्हणाला. "उपप्राचार्य सुगिमोरी सरांनी बजावलंय, आज जमलं नाही तर उद्या पाहुण्यांसमोर गाडी नको. जाऊ दे! इंजिनियरिंग आपल्याला झेपणारं नाही. उद्या मी तुमच्याबरोबर घरी येतो. कायमचा."

चिहारूचा विश्वासच बसेना. दादा आणि हार मानणार?

"तुमचे ओकाबे सर काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"ते कुठे काय सांगतात! पहिल्या वर्षाला त्यांचं एकच. जागेवर जाऊन बघा आणि उत्तर मिळेपर्यंत 'का' विचारत राहा."

"मग विचारू या की!" चिहारूनं बाह्या सरसावल्या. "तू सगळं एकदम बदललंस, दादा. आता एकच गोष्ट बदलायची, जागा! गेन्ता, तो हातातला भाताचा गोळा ठेव आणि गाडी उचल."

"ठेवतो ना. पोटात!"

वरच्या मजल्यावर त्यांनी तशीच पट्टी चिकटवली, तस्संच वळण दिलं. गाडी शहाण्यासारखी वळली!

"म्हणजे गाडी ठणठणीत आहे!" चिहारूनं टाळी वाजवली. तिघं धावतच खाली आली. प्राचार्यांच्या दाराशी चिहारू चक्क पालथी झोपली आणि पट्टीला नाक लावलं. "अय्या! पट्टीत माझे दात दिसतायत!"

बाकी पट्टी मळकट काळी होती. इथे मात्र ती लखलखत होती.

"गाडीचा डोळा काळा रंग बघून चालतो," तोमोकी चटकन म्हणाला. "पट्टी चमकली की तिला काळ्याचं पांढरं दिसणार! पण ती इथेच का चमकते?"

इतक्यात सफाईची घंटा झाली. तिघं बुटांच्या कपाटामागे दडली. विद्यार्थ्यांनी रोजच्यासारखी फरशी पुसली आणि ते पांगले. मग आले खुद्द सुगिमोरी सर! त्यांनी फरशी चमकवायच्या मेणाचा डबा उघडला, गुडघे टेकले आणि दारासमोरची तेवढीच जागा खसाखसा घासायला घेतली.

"सर, इथेच का हो?" चिहारू पुढे आली.

सर दचकले. "अगं, पाहुणे प्राचार्यांना इथेच वाकून नमस्कार करतात. वाकल्यावर नजर कुठे जाते? फरशीवर! एक डाग दिसला तर कॉलेजची काय अब्रू राहील?"

गेन्तानं हसू दाबायला तोंडावर हात धरला. सरांची चूक तोंडावर सांगितली तर ते उखडतील, हे चिहारूनं ओळखलं.

"फरशी मस्तच झालीय, सर! आता गाडी एकदा तुमच्या हातानं सोडा ना."

सर खूश झाले. त्यांनी चहाचा पेला ठेवून गाडी सोडली आणि ऐटीत तिच्याबरोबर चालू लागले. "चालतेय की व्यवस्थित! तुम्हा पोरांना... आई गं!"

वळणावर गाडी सटकली आणि सरांच्या नडगीवर आदळली. मोजे चहानं चिंब!

तोमोकीनं तेवढी चमकती पट्टी उपटून नवी लावली. "पुन्हा सोडा, सर."

गाडी झोकात वळली. सरांनी आधी मोज्यांकडे पाहिलं, मग डब्याकडे. "अरेच्चा! म्हणजे रोज मीच...?"

मागून खो-खो हसण्याचा आवाज आला. ओकाबे सर! "शाबास रे पोरांनो! शेवटचं 'का' आमच्या नमस्कारापाशी निघालं!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, वाकले, आणि गाडी एक थेंबही न सांडता चहा घेऊन आली. सुगिमोरी सर स्वतः पुढे झाले. "चूक माझी होती. ती शोधली या मुलांनी. दोष द्यायची घाई मी केली, त्यांनी नाही." चिहारूचा ऊर भरून आला.

स्टेशनवर आगगाडी लागली, तरी तोमोकी फलाटावरच उभा.

"दादा, चढ ना!"

"आईला सांग, मी येत नाही. ओकाबे सरांनी आम्हाला नवी भानगड दिलीय. कॉलेजचा पंप मध्येच बंद पडतो म्हणे."

"का?" दोघं एकदम ओरडली.

"ते मी शोधणार! तुम्ही जा घरी!"