चौथा ठोका

पाटोद्याच्या बाजारात खताच्या दुकानावर एक खोली आहे. तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत आणि त्या गाद्यांच्या आतून दर गुरुवारी दुपारी चार वाजता रॉक संगीत बाहेर पडतं. पाटोद्यात रॉक कोण ऐकणार, असं विचारून लोकांनी सुकन्याला भंडावून सोडलं होतं. ती म्हणायची, ऐकतात की. शेळ्या राखणारे ऐकतात, पंक्चरवाले ऐकतात, आणि ज्यांना ओ की ठो कळत नाही ते तर शेवटपर्यंत ऐकतात.

हे रेडिओ केंद्र चारपाच जणांनी हौसेनं चालवलेलं, कुणा शेठचं नव्हे. 'तापली तार' हा सुकन्याचा कार्यक्रम. पहिला अर्धा तास इतिहासाचा. गिटारीच्या तारेची थरथर लोहचुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात कशी शिरली, आवाज वाढवता वाढवता कसा फाटला, आणि तो फाटका आवाजच जगाला कसा गोड लागला, हे सगळं ती रंगवून सांगायची. दुसरा अर्धा तास कलावंताच्या मुलाखतीचा. पुण्यामुंबईच्या वादकांना फोन लावून लावून ती दमली, तेव्हा तिला कळलं की गावातच एक रॉकवाला बसलाय. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करणारे, म्हणजे त्यांत नवी तार भरून देणारे नबीचाचा.

मंगळवारी दुपारी तिनं त्यांना दुकानातून उचलूनच आणलं. एका पायानं लंगडत ते जिना चढले. अंगाला वाइंडिंगच्या वार्निशचा जळका वास होता. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तिनं पंखा बंद केला, आणि दोघं घामानं निथळत समोरासमोर बसले.

चाचा छान बोलले. तिघांचा बँड होता. अजिनाथ हलगी सोडून ड्रमवर बसला, जीवन गायचा, आणि चाचांनी पाणबुडी मोटारीच्या तारेनं गिटारीची कॉइल स्वतः गुंडाळली होती. सुकन्या तर ऐकून हरखूनच गेली.

"गाणं सुरू कसं करायचे तुमी?" तिनं विचारलं.

"जीवन मोजायचा. एक, दोन, तीन. चौथा कुनी म्हनायचा न्हाई. चौथ्याला माझी तार." चाचा हसले. "ती गिटार आता त्याच्या घरी भितीला टांगल्याली हाय. छबुमावशीनं, म्हंजी त्याच्या आईनं, तारा काढून वालाच्या वेलाला बांधल्या."

मग न विचारताच ते पुढं बोलले. आवाज एकदम खाली गेला.

"बीडच्या कॉलेजात वाजवून परत येत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात फटफटी गेली खाली. जीवन जागीच... गाडी मी चालवीत होतो, बेटा. तो मागं बसल्यालता. पोलिसाला मी सांगितलं, जीवन चालवीत होता. मला वाटलं, त्याला आता काय फरक पडतो."

फरक आईला पडला. तीसेक वर्षं लोक म्हणत आले की छबुबाईचं पोरगं पिऊन गाडी चालवत होतं, मेलं ते मेलं, आणि मित्राचाही पाय घालवून गेलं. जीवननं दारूला कधी हात लावला नव्हता. तरी दर दिवाळीला ती म्हातारी चाचांकडं फराळाचा डबा घेऊन यायची आणि पोराच्या वतीनं माफी मागून जायची. चाचा तो डबा ठेवून घ्यायचे.

"हे काप," चाचा म्हणाले. "मावशी तुझा कार्यक्रम ऐकती. तिनं हे रेडिओवर ऐकू नये."

सुकन्यानं मान डोलावली. माणसानं काप म्हटलं की कापायचं, हा तिचा शिरस्ता होता. दुसरा शिरस्ता शांततेचा. मुलाखत संपली की पाहुण्यानं मिनिटभर गप्प बसायचं आणि माइक चालू ठेवायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. शब्द कापले की तिथं भोक पडतं, ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवायचं. चाचा मिनिटभर ओठ घट्ट मिटून बसले. सुकन्या त्यांच्याकडंच बघत होती.

बुधवारी दुपारी ती एकटीच कापाकापीला बसली. घाटाचा भाग काढला आणि त्या जागी सात सेकंदांची शांतता चिकटवली. हेडफोन लावून ऐकायला लागली.

"एक... दोन... तीन..."

आवाज तरुण होता, माइकच्या अगदी जवळ. मग काहीच नाही. कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखं.

चाचा पुटपुटले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. पण ते ओठ मिटलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते. तिनं त्याच मिनिटातली दुसरी सात सेकंदं घेतली. तिथंही तीनच आकडे. मग तिनं मागच्या आठवड्याच्या पाहुण्याची शांतता आणून लावली.

"एक... दोन..."

तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला, मशीनची घरघर थांबली. गाद्यांच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत दुपारीही स्वतःचा हात दिसत नाही. कुठून तरी जळक्या वार्निशचा वास येत होता. हेडफोन तिच्या कानावरच राहिला होता, बंद मशीनला जोडलेला.

"तीन..."

जिना ती कशी उतरली हे तिला अजून सांगता येत नाही.

लाइट आल्यावर ती चाचांना घेऊन वर आली. एकटी चढायची तिची छाती झाली नाही. चाचांनी हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

"चाचा, मशीनमधी काही बिघाड असंल..."

"न्हाई. हा जीवनच हाय. दर बारी असंच मोजायचा." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "चौथ्याची वाट बघतोय. किती वर्षं बघतोय बिचारा."

सुकन्याला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त चाचांची दया येत होती. खाली बाजारात कुणीतरी टरबुजं ओरडून विकत होतं.

"कापलेलं परत लाव," चाचा शेवटी म्हणाले. "उद्या चारला मी मावशीपशी जाऊन बसतो."

"तुमी स्वतःच सांगा ना त्यांना, आधी."

"तोंडानं निघंल असं वाटत न्हाई. तिच्या म्होरं बसून ऐकीन. तेवढं तर जमंल."

गुरुवारी चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. सुकन्यानं दार सताड उघडं ठेवलं होतं, बाजाराचा गलका आत आला तर येऊ दे म्हणून. इतिहास संपला, मुलाखत लागली. घाटाची गोष्ट जवळ आली तशी तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. चाचा बोलले, सगळं बोलले. मधे कुणीही मोजलं नाही. शब्दांमधली शांतता आता साधी, रिकामी होती. सुकन्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि शेवटचं गाणं लावलं.

गाणं संपायच्या आत फोन वाजला.

"मी शिवकन्या, छबुबाईची सून. आत्याबाईंना बोलायचंय. त्यांचे हात मोकळे न्हाईत, मी धरते फोन कानाला."

पलीकडं कुणीतरी मोठा माणूस हुंदके देत होता. मग म्हातारीचा आवाज आला.

"पोरी, माझा जीवन मागं बसला होता म्हनं."

"हो, आजी."

"बरं केलंस सांगितलंस. नबी रडतोय. रडू दे, लई दिवसांचं हाय." ती जरा थांबली. "येक विचारायचं व्हतं. नबीनं घाटाचा इषय काढला, त्याच्या आधी जीवननं तीन मोजले. ते तू कुठून आनलंस?"

"आजी... रेडिओवर तसं काही न्हवतं..."

"आसं का," म्हातारी म्हणाली. ती घाबरलेली वाटत नव्हती, नुसती विचारात पडली होती. "मग चौथ्याला ही भितीवरची गिटार वाजली, ती कुनी वाजवली? तिला येक बी तार न्हाई. मला वाटलं नबीच उठला. म्हनून बघितलं, तर त्याचे दोनी हात माझ्या हातात व्हते. आजून हायेत."