मंगळवारी कोण आलं होतं?

पहिल्याच भेटीत तनुजानं त्याला औषधानं भिजवून काढलं!

झालं असं, की करमाडच्या शिवारात तिच्या वडिलांचं, पुंजारामअण्णांचं, कोंबड्यांचं शेड. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. वाढवायचं काम तेवढं ह्यांचं. त्या सकाळी तनुजा पाठीवर पंप घेऊन फाटकाशी जंतू मारायचं औषध फवारत होती, आणि मोटारसायकलवरून उतरलेला एक उंचापुरा पोरगा फोनवर बोलत बोलत सरळ आत शिरला. ना फाटकातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवले, ना हात धुतले! तनुजाचं डोकंच फिरलं. तिनं नळी वळवली — आधी बुटांवर, मग गुडघ्यांवर, मग पार शर्टापर्यंत...

"अहो, अहो! थांबा की! मी कंपनीचा नवा सुपरवायझर हाय!"

"कलेक्टर असला तरी पाय बुडवल्याबिगर आत जायचं नाय."

"पाय म्हणता, आणि आंघोळ घालता व्हय?"

"घरून करून आला होता का? तसं वाटलं नाय."

तो खळखळून हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती. ती आपण बघितलीच नाही असं दाखवायला तनुजा उगाचच पंप हलवत राहिली.

त्याचं नाव सुदर्शन. शहरातल्या उस्मानपुऱ्यात आईबरोबर राहायचा. दर गुरुवारी यायचं, पक्ष्यांचं वजन बघायचं, औषधपाणी सांगायचं आणि पुढच्या शेडकडं निघायचं, एवढंच त्याचं काम. पण गुरुवार काही त्याला पुरेना. सोमवारी म्हणे वजनकाटा विसरला, शनिवारी म्हणे पाण्याची टाकी बघायची राहिली.

"टाकी परवाच बघितली की तुम्ही," तनुजा म्हणायची.

"आज पाणी वेगळं असंल."

"लई काळजी वो तुम्हाला पाण्याची!"

"पाण्याची नाय..." इतकं म्हणून तो पुढचं गिळून टाकायचा आणि गाडीला किक मारायचा. ते अर्धं वाक्य तनुजा दिवसभर मनात घोळवत बसायची. काय बाई माणूस! बोलायचं तर पुरतं बोलावं ना!

जानेवारी आला. ज्वारी हुरड्याला आली. आणि एका मंगळवारी, अण्णा बाजाराला आणि आई आवडाबाई शेजारी हळदीकुंकवाला गेलेली असताना, तो आला. आज टाकी नाही, काटा नाही, कसलंच निमित्त नाही. फाटकापर्यंतही आला नाही. ज्वारीच्या बांधावरच उभा राहिला. तोंड पार उतरलेलं.

"काय झालं वो?" तनुजा धावतच गेली.

"घरी चाललो होतो... गाडी इकडंच वळली."

"गाडी वळली? आणि तुम्ही काय मागं बसला होता?"

तो हसला नाही. त्यानं तिचा हात धरला. पहिल्यांदाच. त्याचा हात गार पडला होता.

"तनू, थोडा वेळ असाच उभा राहू का? काय बोलत नाय..."

तनू! हे कधी ठरलं? पण तिनं हात सोडवून घेतला नाही. वारा सुटला होता, कणसं सळसळत होती, आणि तिच्या छातीत अशी काही धडधड चालली होती, की ती त्याला ऐकू जाईल या भीतीनं तिनं श्वासच धरला होता. मग तो गेला. तनुजा तशीच, त्याच तंद्रीत, त्याच चपलांनी आणि त्याच हातांनी शेडात शिरली आणि कोंबड्यांना खाद्य घालू लागली. पाय बुडवायचे राहिले. जिनं सुपरवायझरला भिजवलं, ती स्वतःच विसरली! प्रेमात पडलेल्या माणसाचं काही खरं नाही बघा.

शुक्रवारी बातमी आली. चिकलठाण्याच्या पलीकडं कंपनीच्याच दुसऱ्या एका शेडात, साहेबरावांच्या, बर्ड फ्लू निघाला. तिथले आणि आसपासचे सगळे पक्षी मारून, खड्ड्यात चुना टाकून पुरणार. तालुक्यातून कोंबडी, अंडी, काहीच हलवायचं नाही. तनुजा फोन हातात घेते न घेते तोच त्याचाच फोन आला.

"तनू, ऐक. त्या मंगळवारी मी साहेबरावांच्या शेडवरनंच आलो होतो. पक्षी पटापटा माना टाकत होते... मला बघवंना. तसं काही दिसलं तर सरळ घर गाठायचं, आंघोळ करायची, दुसऱ्या शेडकडं फिरकायचं नाय, हा नियम. आणि मी तुझ्याकडं आलो."

"सुदर्शन, मी तशीच शेडात गेले हो!"

"मी सगळ्यांना सांगितलंय, थेट घरी गेलो म्हणून. तू बी गप राहा. तुझं नाव कुणाच्या तोंडी यायला नको. माझी शपथ हाय."

फोन बंद. नंतर तो उचलेचना.

मग तिला कुठली चैन पडायला! अंथरुणात तळमळ, जेवणात लक्ष नाही. एखादी कोंबडी जरा मान खाली घालून बसली, की तनुजाचा जीव वरखाली. अण्णा दिवसभर शेडात राबायचे. हा रोग माणसालाही लागतो म्हणे; ते नुसते शिंकले तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. सांगावं, तर शेड जाईल, त्याची नोकरी जाईल, आणि अण्णांपुढं तोंड वर करायची सोय उरणार नाही. न सांगावं, तर... त्या 'तर'च्या पुढं तिला विचारच करवत नव्हता.

सोमवारी जनावरांच्या सरकारी डॉक्टर आल्या, वहिदा मॅडम. फाटकाबाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या आणि विचारू लागल्या, गेल्या काही दिवसांत इथं कोण कोण येऊन गेलं?

"आमच्याकडं कोण येतंय, मॅडम?" अण्णा ऐटीत म्हणाले. "गुरुवारचा सुपरवायझर, दुसरं कुणी नाय. पोरगी माझी लई कडक हाय."

"दिसतंच आहे. शाबास, बेटा. मग तुमच्या शेडची चिंता नाही. बंदी उठली की माल काढा."

मॅडम उठल्या. अण्णांनी समाधानानं टोपी सारखी केली. आता गप राहिलं की झालं! अण्णा शेडाकडं वळले, कोंबड्यांना पाणी द्यायला, त्याच कोंबड्यांना... आणि तिला राहवलंच नाही.

"मॅडम! मंगळवारी पण आलं होतं कुणीतरी."

मॅडम पुन्हा बसल्या. "कोण?"

"सुपरवायझर. सुदर्शन."

"कशाच्या कामासाठी?"

"कामासाठी नाय."

"मग?"

अण्णा थांबले होते. ओसरीवर आईचा हात सुपातच राहिला होता. तनुजानं मान वर केली. "माझ्यासाठी."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शेडात गेला होता का?"

"नाय. बांधावर उभे होतो. नंतर मी तशीच आत गेले... पाय न बुडवता."

"बांधावर किती अंतर होतं तुमच्यात? सॉरी बेटा, विचारावं लागतं."

"अंतर..." तनुजाचे कान तापले. "नव्हतं. हात धरला होता."

"अगं बया!" आवडाबाईंनी तोंडाला पदर लावला. अण्णा मात्र बांधाकडं बघत होते, जणू तो पोरगा अजून तिथंच उभा आहे.

मॅडमनी तिथंच फोन लावला, स्पीकरवर.

"सुदर्शन, मंगळवारी साहेबरावांकडून तुम्ही कुठं गेलात?"

"घरी, मॅडम."

"मध्ये कुठं थांबलात?"

"नाय मॅडम. सरळ घरी." आवाज घोगरा, दमलेला.

"सुदर्शन," तनुजा म्हणाली, "मी सांगितलंय. सगळं. अण्णा इथंच हायत."

पलीकडं तो खोकला. मग तो म्हणाला, "अण्णा, शिव्या द्यायच्या तर मला द्या. तिनं बोलावलं नव्हतं. मला कोंबड्यांचं काहीच काम नसायचं. टाकीचं नाय, काट्याचं नाय. मी तुमच्या तनुजाला बघायला यायचो. मला ती आवडती. तिच्याशीच लग्न करायचं म्हणतो मी."

झालं! जे इतके दिवस गिळत होता ते सगळं एका दमात बाहेर. तनुजाला रडू फुटलं आणि हसूही. अण्णांनी पुढं होऊन फोन हातात घेतला. तिला वाटलं, आता आग पाखडणार.

"पोरा," अण्णा म्हणाले, "आवाज असा का येतुया तुझा? ताप हाय का?"

"...हाय, अण्णा. कालपासून."

"आणि त्या शेडात गेलेल्या सगळ्यांना दवाखान्यातनं रोज फोन येतात, त्यांना काय सांगितलंस?" मॅडम ताडकन म्हणाल्या.

"ठीक हाय म्हणून. ताप सांगितला असता तर कुणाकुणाला भेटलो ते विचारलं असतं..."

"येडा की खुळा!" अण्णा फोनवरच ओरडले. "पोरीच्या नावापायी जीव देतो का? तिथंच थांब. मॅडम, गाडी धाडा आधी त्याच्याकडं!"

तासाभरात त्याला सरकारी दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. घशाचा नमुना त्याचाही घेतला, तनुजाचाही, अण्णांचाही, आणि कोंबड्यांचे तर पेटीभर. मग सुरू झालं वाट बघणं. भेटायची परवानगी नाही. तनुजा फोन करायची, तो खोकत खोकत म्हणायचा, "शेडाचं काय झालं?" ती म्हणायची, "चुलीत गेलं शेड. तुम्ही कसे हायत ते सांगा!" अण्णा घरात तिच्याशी अवाक्षर बोलत नव्हते. ताटावर बसायचे, उठायचे, शेडाकडं जायचे. ते रागावलेत की काय, हेही तिला कळेना.

निकाल आले. कोंबड्या निरोगी निघाल्या. अण्णा आणि तनुजाही. आणि सुदर्शनचा ताप साधा, थंडीवाऱ्याचा! तनुजा मॅडमच्या गळ्यातच पडली. कंपनीनं मात्र त्याला नियम मोडला म्हणून कामावरून काढून टाकलं. त्यानं ते असं सांगितलं, जणू पेढे वाटतोय.

बंदी उठल्यावरच्या रविवारी अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, नवी टोपी घातली आणि ओसरीवरून हाक मारली, "आवरा गं. शहरात जायचंय."

"कुणाकडं?" आईनं विचारलं.

"उस्मानपुऱ्यात. तनुजा, तू बी चल."

जालना रोडभर तनुजा ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. अण्णा भांडायला निघालेत की कशाला? विचारायची हिंमत होईना. उस्मानपुऱ्याच्या गल्लीत, कोथिंबीर निवडत बसलेल्या एका बाईंसमोर ते थांबले. त्या सुदर्शनच्या आई, सारजाबाई. त्यांच्या मागं दारात सुदर्शन, दाढी वाढलेला, वाळलेला. तनुजाला बघून त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

सारजाबाई उठल्या, पदर सावरला. "या... पण ओळखलं नाय. कुणाकडचे पाहुणे?"

अण्णांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा त्या पोराकडं. घसा खाकरला.

"आम्ही मुलीकडचे," अण्णा म्हणाले.