रतनबाईंचं राहिलेलं कडवं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे घडलंय. बारामतीजवळ, जळोचीत. आणि रात्रीबेरात्री नाही, भर सकाळी, चहापोह्यांच्या वासात.

विनया माझी मावसबहीण. तिनं सांगितलं तेवढंच सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. ईस्टर जवळ आला होता.

जळोचीच्या कडेला एक छोटं चर्च आहे. तेव्हा पत्रे गळके होते, भिंतींना ओल. नवं बांधायचं तर पैसा हवा, आणि चर्चची मंडळी ती कोण? कुणी नर्स, कुणी मास्तर, कुणी कारखान्यावर. मग पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, युक्ती काढली. रविवारी उपासना झाली की बाहेर मांडवात गाण्याची बैठक. या, ऐका, पोहे खा, जमेल ते दानपेटीत टाका.

लोक येऊ लागले. इंदापूर-मोरगावकडचे ऊसवाले शेतकरीही आवडीनं यायचे. खरं सांगायचं तर सगळे रतनबाईंसाठी यायचे.

रतनबाई म्हणजे विनयाची सासू. अंगानं काडी, पण आवाज असा की रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून ऐकत उभा राहायचा. मांडीवर नात, विनयाची तिसरीतली ओवी. शेजारी हार्मोनियमवर मुलगा वसंत, विनयाचा नवरा.

एका शनिवारी रतनबाई झोपेतच गेल्या.

रविवारी सकाळी माती द्यायचं ठरलं. पण त्याच सकाळी मोठी बैठक होती. मांडव उभा, पाहुणे वाटेत, पोह्यांना फोडणी पडलेली.

आता या मंडळीची एक जुनी रीत आहे. माती देताना एक गाणं म्हणतात. छापील पुस्तकात ते नाही, वाडवडिलांपासून तोंडी आलेलं. त्याचं शेवटचं कडवं कबर पुरती बुजल्यावर म्हणायचं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी मागून धरायचं. ते झाल्याशिवाय कुणी पाय काढत नाही.

त्या दिवशी काढला.

"लोक खोळंबल्यात," कुणीतरी म्हणालं. "कडवं संध्याकाळी येऊन म्हणू."

वसंतही हो म्हणाला. पोटचा मुलगा! आईच्याच चर्चचं काम आहे, ती काय रागावणार, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी कुणी गेलं नाही. भांडी परत करायची होती, मांडव सोडायचा होता. राहून गेलं ते गेलंच.

पुढच्या रविवारी बैठक भरली. पहिलं गाणं संपलं. ढोलकी थांबली, हार्मोनियम थांबली…

एक आवाज थांबला नाही.

बायकांच्या रांगेतून येत होता. जिथं रतनबाई बसायच्या, तिथून.

तिथं कुणीच बसलेलं नव्हतं.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मोरगावची माणसं बशीतले पोहे तसेच ठेवून उठली.

त्यानंतर दर रविवारी तेच. गाणं संपलं की तो आवाज… हळू, चिवट, काहीतरी शोधत असल्यासारखा.

मंडळीतले सगळ्यात म्हातारे तात्याबा. त्यांनी कपाळाला हात लावला. "तिचं कडवं ऱ्हायलंय. चला, म्हणून टाकू."

सगळे कबरीपाशी गेले. तात्याबांनी उभ्या आयुष्यात कितीजणांना ते कडवं म्हणून निरोप दिला असेल. त्यांनी तोंड उघडलं…

शब्दच नाही.

"आठवंना," ते म्हणाले. "वसंता, तू सांग रं."

वसंतला आठवेना. पाळकसाहेबांना आठवेना. एकालाही आठवेना. कुणीतरी पाटी पुसावी तसं ते कडवं सगळ्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

आठवडाभरानं विनया ओवीची वेणी घालत होती. ओवी आपल्याच नादात गुणगुणत होती.

वाट सरली, दीप निमाला,
दार उघड रे, मेंढपाळा…

विनयाचे हात जागीच थांबले. ओवीला कधी कुणी मातीला नेलं नव्हतं.

"कुणी शिकवलं गं हे?"

"आजीनं. रोज सकाळी थोडं थोडं शिकवते. आता सगळं येतंय मला."

विनयानं लेकीला छातीशी धरलं आणि ठरवलं, हे कुणाला सांगायचं नाही. पण वसंत दारातच उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

"ओवीनं म्हणावं," तो म्हणाला.

"अहो, पोर हाय ती! मी न्हाय नेऊ देणार."

"माझी आई अडकून पडलीय, विने. तुला दिसत न्हाय व्हय?" आणि तो धाय मोकलून रडू लागला.

वसंतनं मंडळीच्या कानावर घातलं, तेव्हा तात्याबाही कचरत होते. "एकट्यानं म्हणायचं न्हाय ते. मागनं धरणारं कुणीतरी पायजेच."

"ती सांगंल तसं आमी मागनं म्हणू की," वसंत म्हणाला.

इथं विनया नमली. लोक म्हणतात, आईनं हट्ट धरायला हवा होता. बोलायला काय जातंय! घरात नवरा रडतोय, बाहेर अख्खी मंडळी हात जोडून उभी आहे, तिथं एकटी बाई किती ताणून धरणार?

रविवारच्या सकाळी ऊन चांगलं वर आलेलं असताना ओवी आजीच्या कबरीपाशी उभी राहिली. विनयानं तिचा हात घट्ट धरला होता.

ओवीनं पहिली ओळ म्हटली आणि मंडळीकडे पाहिलं.

सगळ्यांचे ओठ हलले… आवाज एकाचाही फुटला नाही.

पण ओळ मागून धरली गेली.

खालून. मातीतून.

विनयानं लेकीला ओढलं. ओवी हलली नाही. तेवढंसं पोर, पण जमिनीत रोवल्यासारखं उभं. दुसरी ओळ… खालून साथ. तिसरी… खालून साथ. विनयानं तिच्या तोंडावर हात दाबला, तरी गाणं थांबलं नाही. हाताखाली ओठ हलत नव्हते, तरीही नाही.

कडवं पुरं झालं. खालचा आवाजही थांबला.

"सुटली माझी आई," वसंत म्हणाला.

ओवीनं आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. तिला काहीतरी सांगायचं होतं.

काहीच आलं नाही.

तेव्हापासून ओवीला आवाज नाही. रडली तरी नुसते डोळे वाहतात. पुण्याचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. गळ्यात काही दोष नाही म्हणतात.

चर्चवर नवं छत चढलं. पण उपासना तिथं भरत नाही, ती आता पाळकसाहेबांच्या घरी होते. कारण रविवारी सकाळी कुलूपबंद चर्चमधून ते कडवं ऐकू येतं.

सांगणारा आवाज ओवीचा. मागून धरणारा रतनबाईंचा.

म्हणजे म्हातारीही सुटली नाही.

एकदा विनयाबरोबर मीही गेलो होतो. पुन्हा जायची माझी छाती नाही. आता हार्मोनियम ऐकली तरी मी उठून बाहेर जातो. वसंतनं तर आपली विकूनच टाकली.

विनया मात्र दर रविवारी जाते. ओवी घरी उशीत तोंड खुपसून, कानांवर हात दाबून पडलेली असते, आणि तिची आई त्या बंद दाराला कान लावून बसते. लेकीचा आवाज दुसरीकडे कुठं मिळणार?

"ओवे," ती दाराशी तोंड नेऊन म्हणते, "एकदा आई म्हण गं. एकदाच."

आतला आवाज थांबतो…

ऐकत असल्यासारखा.

आणि मग पहिल्या ओळीपासून पुन्हा कडवं सुरू होतं.