टाकीचं झाकण

बिड्या विझवा आधी, पेट्रोलची गोष्ट आहे. मंठ्याचा महेमूद मिस्त्री माझा दोस्त. हे त्यानं फक्त मला सांगितलं, आणि तो थापा मारणाऱ्यातला नव्हता.

एकोणनव्वद सालच्या जानेवारीची सोळा तारीख, सोमवार. लेक रहिमुन्निसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्ती. रात्री कळा सुरू झाल्या, सुईणीनं हात टेकले. जालन्याला न्या म्हणाली. घरात दुसरं माणूस नाही. महेमूदनं वर्षभर ताडपत्रीखाली ठेवलेली अॅम्बेसिडर बाहेर काढली.

ठेवली होती, कारण आदल्या वर्षी त्याची बायको अनवरी ह्याच गाडीत, ह्याच रस्त्यावर गेली. छातीत दुखत होतं, त्यात पेट्रोलच्या वासानं मळमळायचं. बिचाऱ्यानं टाकीच्या झाकणावर साबण थापला, तिला वास लागू नये म्हणून, आणि निघाला. वाटूरच्या अलीकडं गाडी बंद. पंप खोलला, जोडला. कोसभर चालली, पुन्हा बंद. असं तीनदा. तिसऱ्यांदा वळून बघितलं तर अनवरी... जाऊ द्या. साऱ्या तालुक्याच्या गाड्या सुधारणारा माणूस, स्वतःची बायको पोचवू शकला नाही. त्यानं नवा पंप बसवला, पण गाडी पुन्हा चालवली नाही.

तर त्या रात्री, सव्वाबाराला, अनवरी गेली त्याच जागी गाडी आचके देऊन थांबली.

"अब्बा, कायकू रुके?" रहिमुन्निसा कण्हली.

"कुछ नै बेटा. अब्बी चलते."

बॉनेट उघडलं. पंपाची नळी सोडून तोंडाशी अंगठा धरला, दुसऱ्या हातानं पंपाची दांडी मारू लागला. पंप बराबर असला की पेट्रोल अंगठ्याला ढकलतं.

काहीच नाही.

पुन्हा मारली. काहीच नाही. नवा पंप होता.

मागं लेकीचं कण्हणं थांबलं.

"अनवरी," तो म्हणाला, "इसकू नक्को लेके जा..."

डिकीकडं बांगड्या वाजल्या. मग... टाकीनं लांब श्वास आत ओढला.

आणि अंगठ्याला धक्का. पेट्रोल.

मागं बघायची हिंमत झाली नाही त्याची. नळी जोडली. निघाला.

पहाटे चारला जालन्याच्या दवाखान्यात नात झाली. दोघी सुखरूप. महेमूद गाडी पुसायला बाहेर आला, तर टाकी उघडी. झाकण मागच्या सीटवर, आदल्या वर्षी अनवरीचं डोकं होतं तिथं.

झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. टाकीत हवा गेली नाही तर पेट्रोल पुढं सरकत नाही, पंप कितीही नवा लावा. हे तो लोकांना शिकवायचा. आणि ते भोक त्यानंच, घाईत, मायेनं, साबणानं बुजवलं होतं.

तेव्हा कळलं त्याला, अनवरी कशानं गेली. गाडीच्या चाकाशी बसून रडला तो.

आठ दिवसांनी झाकण त्यानं माझ्या हातात दिलं. साबण वाळून दगड झाल्ता. भोकावरचा तेवढा नखानं कोरून काढलेला... आणि तेवढीच जागा अजून ओली होती.